अर्ज द्या, पोच घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या विदर्भात शाळा उघडते ती जूनच्या अखेरीस. पेरणीच्या धावपळीत आपण लेकरांचं दप्तर बघतो, गणवेश बघतो, बसचा पास काढतो. यंदा त्यासोबत एक कायदाही माहीत करून घ्यावा, एवढ्यासाठी मी आज तुमच्याशी बोलते आहे.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९. नाव ऐकून वाटतं, हा नागपूर-अमरावतीच्या मोठ्या कॉलेजांचा कायदा. पण त्यात शैक्षणिक संस्थेची व्याख्या फार रुंद आहे. शिक्षण देणारी कोणतीही संस्था त्यात येते, वसतिगृहासकट. जिल्हा परिषदेची शाळा आली, गावचं हायस्कूल आलं, धारणी-भामरागडची आश्रमशाळाही आली. चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं, लेकराला भीती किंवा लाज वाटेल अशी मस्करी करणं, हे सगळं तो गुन्हा मानतो. आणि हे शाळेबाहेर घडलं तरीही. मुलींच्या निळ्या मानव विकास बसमध्ये किंवा शाळेच्या पांदणीत घडलेलंही त्यात धरलं जातं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पोडावरचं, म्हणजे आदिवासी वस्तीवरचं, कोलाम लेकरू मोठ्या गावात आठवीला येतं. त्याच्या बोलण्याची नक्कल होते, जातीवरून नाव पडतं. एखाद्या पोराच्या बापानं कर्जापायी जीव दिलेला असतो, तर भांडणात तेच काढलं जातं. लेकरू शाळेत जायचं टाळू लागतं. मग माय निंदणीचा रोज बुडवून शाळेत जाते. तिथं उत्तर मिळतं, "लेकरं आहेत बाई, मजाक केली असन. सांगतो मी त्याले." सर खरोखर सांगतातही. पण कागदावर काहीच राहत नाही, आणि पोळ्यानंतर पुन्हा तेच सुरू होतं.

पुष्कळदा तर माय शाळेपर्यंतही पोचत नाही. चिडवणारा पोरगा ज्या घरचा, त्याच घरच्या वावरात ती निंदायला जाते. ती कशी तक्रार करणार? इथं या कायद्यातली एक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. लेखी तक्रार विद्यार्थी करू शकतो, पालक करू शकतो आणि शिक्षकही करू शकतो. गुरुजी, मॅडम, हे मी तुम्हाला कळकळीनं सांगते. तुमच्या सहीचा अर्ज गेला, तर त्या बाईला मालकासमोर उभं राहावं लागत नाही.

अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत मुख्याध्यापकांनी चौकशी करायची आहे. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याला पाठवायची. तथ्य नसेल तर तक्रारदाराला तसं लेखी कळवायचं. दुर्लक्ष केलं तर मुख्याध्यापकांनीच गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. शिक्षा दोघांनाही सारखीच, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

ही शिक्षा ऐकूनच अनेक मुख्याध्यापक अर्ज घ्यायला कचरतात. त्यांची अडचण मला समजते. बारा-तेरा वर्षांच्या पोराचं आयुष्य खराब व्हावं असं कोणालाच वाटत नाही. पण अठराच्या आतल्या मुलाला तुरुंगात टाकत नाहीत, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचं नावही शाळेतून काढता येत नाही. त्रास देणाऱ्या लेकरालाही हे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. मला खटकतं ते गावातल्या चार मोठ्या माणसांनी बसून मिटवणं. दोन्ही पोरांना हात मिळवायला लावतात, आणि ज्याला त्रास झाला तो त्याच बाकावर, त्याच पोराशेजारी परत जातो.

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. या समितीनं दर बैठकीत विचारावं, किती अर्ज आले, त्यांचं काय केलं? तक्रारपेटी बहुतेक शाळांत ऑफिसच्या दारातच टांगलेली असते. सगळ्यांसमोर चिठ्ठी कोण टाकेल? ती पाण्याच्या टाकीजवळ लावा आणि समितीतल्या पालकांसमोर उघडा.

शिक्षकच मारत किंवा टोचून बोलत असतील, तर त्याला मनाई करणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे. तक्रार जिल्हा परिषदेकडे लेखी द्यायची, तिनं तीन महिन्यांत निर्णय द्यायला हवा. आणि अंगाला वाईट हेतूनं हात लावल्याचं कळलं, तर शाळेच्या चौकशीची वाट बघूच नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे.

अर्ज साध्या कागदावर चालतो. तारीख, जागा, कोण काय बोललं ते त्याच शब्दांत, कोणी पाहिलं. लिहिता येत नसेल तर अंगणवाडीताई किंवा आशाताईकडून लिहून घ्या. दोन प्रती करा आणि एकीवर सही-शिक्का घेऊन ती घरी ठेवा. पोच द्यायला नकार मिळाला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं शाळेला पाठवा आणि एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. आश्रमशाळा असेल तर ती प्रत आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्या. लेकराला स्वतःला कोणाशी बोलायचं असेल, तर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन नंबर रात्रंदिवस लागतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून द्या.

नमस्कार.