दुसरी डिस्क उठते का?

मंडळी, लातूरकडच्या एका साखर कारखान्यातली ही गोष्ट. नाव विचारू नका. जानेवारी महिना, गाळप ऐन भरात. काट्यापासून सडकेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग. वजनाचा हिशेब ज्या लिनक्स सर्व्हरवर (लिनक्स ही विंडोजसारखीच एक कार्यप्रणाली) चालायचा, तो रात्री लाइट गेल्यावर बंद पडला आणि लाइट आल्यावर उठेचना. यूपीएसची बॅटरी कधीच बसली होती, पण ते दुखणं वेगळं.

मी त्यांना छातीठोकपणे सांगितलेलं, 'दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिलं की दुसरीवर उतरतं. एक मेली तरी काम थांबायचं नाही.' मेली नेमकी पहिली. दुसरीवर एकूण एक पावती शाबूत होती, पण मशीन तिच्यावरून चालू होईना.

चूक माझीच. जुन्या मशीनवर चालू होताच आधी बायॉस नावाचं सॉफ्टवेअर धावतं, आणि तिथं डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला तुकडा, 512 बाइटचा. त्यातले 446 बाइट बूट करणाऱ्या, म्हणजे मशीन उठवणाऱ्या कोडचे, 64 पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्याचे, उरलेले 2 खुणेचे. मी मिरर, म्हणजे ती एकीची दुसरीवर उतरणारी नक्कल, बांधला होता पार्टिशनांचा. पहिला सेक्टर त्या हद्दीबाहेर. आणि ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, टाकला होता फक्त पहिल्या डिस्कवर. विहीर तुडुंब, पण मोटेला नाडा नाही! बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या नव्या मशीनवर बूटचं पार्टिशन वेगळं असतं, तेही बहुतेकदा मिररबाहेरच राहतं.

पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, दुसऱ्या डिस्कवर ग्रब टाकला. मग कळलं, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. माहीत असलेला गडी नोकरी सोडून पुण्याला गेलेला. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीच्या शेवटी इनिटच्या, म्हणजे सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, जागी बॅश, म्हणजे थेट आज्ञा द्यायची खिडकी, द्यायला सांगितलं, केवळ वाचता येणारी डिस्क लिहिती केली, पासवर्ड बदलला. पाच मिनिटं. सगळे खूश, मला मात्र घाम फुटला. मला जमतं ते चहा घेऊन आत येणाऱ्यालाही जमेल. ग्रबला आणि बायॉसला पासवर्ड लावला, पण आधी खोलीला कुलूप आणलं. डिस्कच काढून नेली तर एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचता न येईल अशी करून ठेवल्याशिवाय, काही आडवं येत नाही.

तोवर तिथं चौघेजण थेट रूट म्हणूनच बसायचे. फाइल कुणी उडवली? मशीनची नोंदवही, म्हणजे लॉग, म्हणतो, रूटने. आता ज्याला-त्याला स्वतःच्या नावाने सुडो, म्हणजे आपल्या खात्यातूनच रूटचं काम करायची आज्ञा. सुडो कुणाला द्यायचा ते लिहिलेली सुडोअर्स फाइल व्हिसुडो या आज्ञेनेच उघडायची, कारण ते चूक पकडतं. नाहीतर एका चुकीच्या ओळीने सगळ्यांचाच सुडो बंद पडू शकतो. रूटचा पासवर्ड लाखबंद पाकिटात, हिशेबनिसांच्या तिजोरीत.

पुढच्या हंगामाआधी बॅकअप घेतला, मशीन बंद केलं आणि मेलेलीच्या जागी बसवलेल्या पहिल्या डिस्कची केबल स्वतःच्या हाताने काढली. काट्यावरचा कारकून म्हणाला, 'सायेब, चांगलं चालू हाय की, कशाला खोलायलाव?' दुसऱ्या डिस्कवरून लॉगिन आलं, तसा तो गप्प झाला. केबल लावल्यावर मिरर पुन्हा भरायला तीन तास लागले. तेवढा वेळ मी तिथून हललो नाही.