उलंगवाडी झाल्यावर

ही फिल्म कापसाच्या गावातल्या बेरोजगारीची. सकाळचे साडेसहा, यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुक्यातला रस्ता आणि हा ऑटो. आत किती बाया बसल्यात मोजून बघा, आम्ही दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा चुकलो. सगळ्या कापूस वेचणीला निघाल्यात.

वावरात पोचलं की गप्पा बंद. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात, बोटांकडं बघा म्हणजे कळेल. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळं दवानं भिजलेला कापूस वजनाला बरा, आणि मालक म्हणतो थांबा जरा, ऊन पडू द्या. हा वाद रोज सकाळी होतो, दोन्ही बाजू हसत हसत भांडतात. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वजनकाटा लटकतो आणि एकेकीचं गाठोडं त्याला लागतं.

दिवाळीच्या आगंमागं सुरू झालेलं हे काम फार तर मार्चपर्यंत चालतं, मग उलंगवाडी, म्हणजे हंगाम संपला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटली, वावर मोकळं आणि बायापण मोकळ्या, थेट पेरणीपर्यंत. पुस्तकात याला हंगामी बेरोजगारी म्हणतात, गावात नुसतं उन्हाळा म्हणतात. आणि पावसाळ्यातलं तण काढायचं कामपण आटलंय. मावशी सांगतात, "पयले निंदनाचं काम पुरा पावसाळा पुरे, आता फवारा मारला का झालं."

आता हे घर. जमीन तीन एकर, कोरडवाहू. बाप, दोन पोरं, एक सून, चौघं मिळून कापसाची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, भरतायत. दोघं घरी बसले तरी कापूस तेवढाच निघेल, पण दोघांनी जायचं कुठं? ही छुपी बेरोजगारी. सरकारी सर्वेक्षणात साप्ताहिक स्थिती मोजताना आठवड्यात एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. म्हणजे हे चौघंही कामावर, कागदावर सगळं ठीक.

बंडी येते जिनिंगमध्ये. हा आवाज मुद्दाम ठेवलाय. रोलरखालून रुई एकीकडं, सरकी दुसरीकडं. साधारण पाच क्विंटल कापसातून 170 किलोची एक गाठ बनते, प्रेसमधून बाहेर येते तेव्हा दगडासारखी टणक असते. इथपर्यंतचं काम आपलं. पुढं सूत, कापड, शिलाई, जिथं खरी माणसं लागतात, ते गुजरातेत नाहीतर तमिळनाडूत. पूर्वी याच भागातून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेच्या डब्यात बसून गाठी मुर्तिजापूरला जायच्या, तिथून मुंबई आणि पुढं विलायत. रुळावर आता हे गवत. तेव्हा विदर्भातपण गिरण्या होत्या, टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ची, तिच्या जागेवर आज मॉल आहे. कापूस शंभरावर वर्षं बाहेर जातोय, फक्त गाडी बदलली. आमच्या मते सगळ्याचं मूळ इथं आहे, बाकी कारणं नंतर मोजा.

ही तालुक्याची अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, जे निघेल ते. काय करतो विचारलं की उत्तर एकच, "तयारी चालू हाय." ट्रॅक्टर दुरुस्तीला माणूस मिळत नाही आणि इथं खुर्ची मिळत नाही. मग कोणी पुण्याला जातं, कोणाचं लग्न राहतं, घरचं कर्ज वाढतं.

आणि हा एप्रिल. निंबाखाली उभा आहे तो तोच ऑटो. ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपलाय, आम्ही उठवलं नाही.