बारावी पायरी

श्रोतेहो, नमस्कार. आज घर बदलण्याविषयी बोलायचे आहे. सामान कसे बांधावे, जड पुस्तके लहान खोक्यांत का भरावीत, हे आपण सारे जाणताच. मला बोलायचे आहे ते सामान लावून झाल्यावर, कोणालाही न कळता होणाऱ्या बदलाविषयी.

आमच्या जुन्या घराच्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. अकरा, हे ध्यानात असू द्यावे. आईने त्या कधी मोजल्या नव्हत्या, पण दिवे गेलेले असोत वा दोन्ही हातांत कपड्यांचा ढीग असो, अकरावीनंतर तिचे पाऊल अचूक सपाट जमिनीवर पडे. नव्या घराच्या जिन्याला बारा पायऱ्या निघाल्या. सुरुवातीला ती रोज बाराव्या पायरीला ठेचकाळे आणि रोज म्हणे, "हा जिना माझा नाही." मी त्या पायरीच्या कडेला पांढरा पट्टा रंगवला, तरी ठेच चुकली नाही, कारण तिचे पाय डोळ्यांना विचारून चालतच नव्हते. पुढे तिचे ते वाक्य कानांवर पडेनासे झाले. कधीपासून, ते आम्हांला सांगता येणार नाही.

वर्षभराने काही कागद आणण्यासाठी आम्ही दोघे जुन्या घरी गेलो. तिथल्या नव्या बिऱ्हाडाने अगत्याने वर बोलावले. आई पुढे, मी मागे. अकरा पायऱ्या संपल्या आणि आईने पाऊल उचलले ते बाराव्या पायरीसाठी. अकराच पायऱ्यांच्या त्या जिन्यावर बारावी कुठून असणार? पाऊल जमिनीवर आदळले, तिने कठडा धरला आणि ती तशीच उभी राहिली. लागले का, असे मी विचारले. तिने मान हलवली आणि हळूच म्हणाली, "आता हाही माझा राहिला नाही रे."

मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या अभ्यासातून मांडले. नव्या जागेचा नकाशा तिथे लवकर उमटतो. अंगवळणी पडलेल्या हालचालींचा भार मात्र बेसल गँग्लिया या दुसऱ्या भागावर असतो, आणि जुनी सवय तिथून सहजी हटत नाही. म्हणून नवा पत्ता एका दिवसात पाठ होतो आणि पाय मागे रेंगाळतात. पत्ता एका दिवसात, पाय मात्र सावकाश.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, कारण तो शोषून घेणारे पडदे आणि गाद्या अजून लागलेल्या नसतात. तो बुजवण्यासाठी पहिल्याच रात्री टीव्ही मोठ्याने लावणे मला मुळीच पटत नाही. नव्या घराचा आवाज एक रात्र तरी ऐकून घ्यावा.

आम्ही घर बदलल्याची तारीख कागदोपत्री आहे. आईच्या पायांनी घर बदलले, ती तारीख मी पुष्कळ आठवून पाहिली. आठवते ते एवढेच, की पायरीवरचा पांढरा पट्टा झिजून पुसट झाला होता आणि तो पुन्हा रंगवायला हवा, असे कोणीच म्हटले नव्हते.