बारा बाय दहाचं मैदान

(दृश्य: पहाटेचा पाम बीच रस्ता. दिवे चालू.)

डिसेंबरातली सकाळ, सात वाजलेत. नेरूळ. रस्त्याचे दिवे दिसतात, त्यांच्यामागची खाडी दिसत नाही. धुकं म्हणावं तर अंगाला ओल लागत नाही. ही धूळ आहे आणि धूर आहे. रात्री जमीन गार पडते, तिला टेकलेली हवा गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. बांधकामाची माती, गाड्यांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. अशा सकाळी लहान मुलांनी खेळायचं कुठे? घरातच.

(दृश्य: टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ, साडेअकरा.)

ऊन तापलं की झाकण सुटतं. आता रोहित पक्षी मोजता येतात.

तीन वर्षांचं मूल नुसतं बसलेलं असलं तरी मिनिटाला २० ते ३० श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०. म्हणून हिवाळ्यात घड्याळ उलटं लावायचं: सकाळचा दंगा घरात, आणि खाली बागेत जायचं ते दुपारी चारला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा आकडा (एक्यूआय) २०० च्या वर असेल, तर चारलाही घरातच.

(दृश्य: हॉल. टीपॉय सरकतो.)

हॉल बारा बाय दहाचा. टीपॉय आतल्या खोलीत, सोफा भिंतीला. पहिलं काम झाडूचं नाही, ओल्या फडक्याचं. कोरडा झाडू फिरवला की बसलेली धूळ उडते, आणि ती मुलाच्याच उंचीवर तरंगते. उदबत्ती आणि मच्छरची कॉइल या वेळात नको. फोडणी घालायची असेल तर स्वयंपाकघराचं दार लावून, एक्झॉस्ट सुरू करून.

खिडक्या सकाळी बंद, पण दिवसभर नव्हे. बारा ते चार उघड्या. एक गोष्ट मात्र ठाम: ज्यावर मूल चढू शकेल असं स्टूल, उशांचा ढीग, काहीही खिडकीजवळ ठेवायचं नाही. ग्रिल असली तरी नाही.

(दृश्य: फरशीवर कागदी चिकटपट्टी लागते, जवळून.)

एक इंच रुंद कागदी पट्टी. सहा फूट सरळ, मग तीन वळणं, आणि शेवट सुरुवातीला येऊन मिळाला पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं. रस्ता सरळ आखला की दुसरं मूल रांगेत उभं राहतं, आणि रांगेतलं मूल एक तर ढकलतं किंवा सोफ्यावर चढतं. गोल रस्त्यावर दोघंही चालती राहतात.

पट्टीवर टाचेला बोट लावत चालायचं. पुढे दोन खुर्च्यांवर चादर, खाली दीड फुटाचा बोगदा. त्यातून रांगत बाहेर. मग टॉवेलच्या चार गुंडाळ्या, एकेक फुटावर, दोन्ही पायांनी उडी. पाच वर्षांच्या मुलाला दीड फूट. शेवटी एक लिटरची बाटली, अर्धी भरलेली, म्हणजे अर्धा किलो. ती दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणि परत.

मोजे काढायचे. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घातलेलं मूल वळणावर हमखास आपटतं. पाय गार पडतात ही आजीची तक्रार खरी, पण दुसऱ्या फेरीला ते गरम झालेले असतात.

(दृश्य: चौघडी गोधडी उडीखाली घसरते. पुन्हा, सावकाश.)

हे नीट पाहा. गोधडी मऊ, पण टाइलवर ती स्वतःच पळते. खाली योगा मॅट घाला, गोधडी तिच्यावर. मॅटची खालची बाजू आधी पुसून घ्या. तिला धूळ लागली की पकड जाते. खालच्या मजल्यावरच्यांना धप्प ऐकू येतं ते याने बरंच कमी होतं, संपत नाही. म्हणून दुपारी दोन ते चार या वेळात उड्या बंद.

(दृश्य: ओढणीचा तुकडा हवेत.)

फुगा नको. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकतो. त्याऐवजी जुन्या जॉर्जेट ओढणीचा दीड फुटाचा चौकोन. सुती फडकं भदकन पडतं. जॉर्जेट तरंगत उतरतं, आणि अडीच वर्षांच्या हातांना तेवढाच वेळ हवा असतो. अख्खी ओढणी मात्र खेळायला द्यायची नाही, ती गळ्यात जाते.

दहा-बारा मिनिटं झाली की रस जातो. रस्ता तोच ठेवून चाल बदलायची: एक फेरी बेडूकउड्यांची, एक हत्तीची, चार वर्षांच्या पुढे लंगडी. दोघंतिघं असली तर विषामृत. ‘विष’ म्हटल्यावर जागीच थिजायचं असतं, त्यामुळे धाव आपोआप तुटते आणि भिंत लागायच्या आत मूल थांबतं. इतक्या लहान जागेत याच्या तोडीचा खेळ विकत मिळत नाही. शर्यत लावू नका. हरलेलं धाकटं तिसऱ्या फेरीला टीव्हीचा रिमोट शोधतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १८० मिनिटांची हालचाल सांगितली, त्यातली ६० चांगली धाप लागणारी. सलग नाही. बादलीत कपडे नेणं, पलंगाखालून चपला काढणं, सगळं धरायचं. ही हालचाल मिळाली नाही की झोप आणि वजन, दोन्हीवर परिणाम दिसतो.

दम्याचं औषध चालू असलेल्या मुलांसाठी फेऱ्या किती, हे डॉक्टरांना विचारून.

(दृश्य: मुलगी फरशीवर आडवी, छाती वरखाली. निवेदन नाही.)

(दृश्य: पट्टी निघते.)

पट्टी तीन-चार दिवसांनी काढून टाका. आठवडाभर राहिली की गोंद फरशीवरच राहतो. मग खोबरेल तेलाचा बोळा, पाच मिनिटं थांबून कोरडं फडकं, आणि लगेच साबणाचं पाणी. नाहीतर उद्या पहिलं घसरणं तिथेच.