स्टर्लिंगचा पिवळा महाल

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग स्टेशनवर उतरलात की किल्ल्याची वाट कुणाला विचारावी लागत नाही. चढ लागेल तिकडे चालत राहायचं. जुन्या गावातल्या दगडी गल्ल्या संपतात आणि शिलारसाच्या काळ्या कातळावर बसलेला किल्ला समोर येतो.

खाली वळणं घेत जाते ती फोर्थ नदी. कित्येक शतकं समुद्राकडून येताना तिच्यावरचा पहिला पूल इथेच लागायचा. उत्तरेच्या डोंगराळ मुलखात फौज न्यायची, तर स्टर्लिंग चुकवून चालत नसे. म्हणून तर 1297 मध्ये विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे या स्कॉटिश सेनानींनी इंग्रजांना याच पुलापाशी गाठलं, आणि 1314 मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस यानं जवळच्याच बॅनकबर्नला. या दोन्ही लढायांवर व्हिडिओंची कमी नाही. आपण सरळ आत जाऊ.

आणि आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो रंगाचा.

हा ग्रेट हॉल. 1503 च्या सुमाराला स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स यानं बांधून घेतलेला. सगळा किल्ला करडा आणि ही एकच इमारत लोण्यासारखी पिवळी! 1999 मध्ये डागडुजी संपून हा रंग उघडा झाला, तेव्हा गावात बरीच नाराजी होती. पण भिंतीच्या झाकल्या गेलेल्या भागात मूळ चुन्याच्या गिलाव्याचे अंश सापडले होते आणि त्यावरूनच ही छटा ठरवली गेली. किल्ला म्हणजे उघडा काळा दगड, ही आपली समजूत. राजाला मात्र मैलोन्‌मैल दूरवरून दिसायला हवं होतं.

आतला हा प्रशस्त दरबारही सलग उरला नव्हता. इथे लष्कर आलं, मधे मजले आणि भिंती घातल्या गेल्या आणि मेजवानीच्या जागी बराकी झाल्या. 1964 मध्ये लष्करानं किल्ला सोडला. वरचं ओकचं छत तुळईसकट नव्यानं केलेलं आहे. जुनं आहे असं कुणी भासवत नाही, हे मला आवडलं.

याच हॉलमध्ये 1594 मध्ये सहाव्या जेम्सचा मुलगा, राजपुत्र हेन्री, याच्या बारशाची पंगत झाली. मासे वाढायला शिडं लावलेलं एक लाकडी जहाज आत आणलं होतं आणि त्याच्या तोफाही उडवल्या होत्या. हेन्रीची आजी म्हणजे स्कॉटलंडची राणी मेरी, तिलाही 1543 मध्ये याच किल्ल्यावर मुकुट चढवला गेला. वय नऊ महिने.

शेजारचा राजवाडा मेरीच्या वडिलांचा, पाचव्या जेम्सचा. त्याची फ्रेंच राणी मारी द गीझ हिच्यासाठी कामाला जोर आला, पण 1542 मध्ये राजा वारला. इथे मान वर करून छत बघा. ओकच्या लाकडात कोरलेले गोल मुखवटे, प्रत्येक जवळपास मीटरभर रुंद: राजे, राण्या, रोमन सम्राट, विदूषक. रंग भडक आहेत, कारण या प्रतिकृती आहेत. मूळचे मुखवटे 1777 मध्ये उतरवले गेले, आणि त्यांतले जे वाचले, ते वरच्या दालनात ठेवले आहेत. तिथे थोडं थांबाच. एका मुखवट्याच्या कडेला शून्य, एक आणि दोन अशा खुणा ओळीनं कोरल्या आहेत. नक्षी वाटते, पण ते वाद्यसंगीताचं लेखन असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. नुसत्या नजरेनं पाहिलं तर पाच सेकंदांत पुढे जाल.

लष्कराचा वारसा आवारातल्या रेजिमेंटच्या संग्रहालयात आहे. इथल्या आर्गाइल आणि सदरलँड हायलँडर्स या रेजिमेंटची एक पूर्वज पलटण, 93 वी, नोव्हेंबर 1857 मध्ये लखनौच्या सिकंदर बागेत लढली होती. ज्यांच्याविरुद्ध लढली, ते आपले. पदकांच्या कपाटापुढे उभं राहताना हे मनात येणारच.

तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बरं. वारा जोराचा असतो, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट घ्या.

आणि फुटबॉलवेड्यांसाठी एक. राणीच्या दालनात भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे एक चेंडू सापडला होता, डुकराच्या मूत्राशयावर चामडं शिवलेला, 1540 च्या आसपासचा. जगातला सर्वांत जुना फुटबॉल म्हणून तो ओळखला जातो. पण तो किल्ल्यावर नाही. पाहायचा तर खाली गावातल्या स्टर्लिंग स्मिथ संग्रहालयात जायला हवं.