खेचराला वंश नसतो

(दृश्य: गौरीकुंडहून केदारनाथला जाणारी चढण. पाठीवर दोन्ही बाजूंना गॅस सिलिंडर बांधलेलं खेचर ओल्या दगडांवर खूर रोवत वर येतंय.)

आई घोडी, बाप गाढव. घोड्याचा बांधा आणि गाढवाचा काटकपणा, दोन्ही याच्यात उतरलंय. डोंगरातल्या चौक्यांवर रसद पोचवायला लष्करही खेचरंच वापरत आलंय.

याला एकच गोष्ट जमत नाही. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, याच्या वाट्याला 63. जोड्या लागत नाहीत, मग बीजपेशी नीट तयार होत नाहीत. पुढचं खेचर हवं असेल, तर पुन्हा घोडी आणि गाढवच गाठावं लागतं.

(दृश्य: संग्रहालयातल्या खणात ओळीनं मांडलेले पक्ष्यांचे नमुने.)

पक्षिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये प्रजातीची व्याख्या मांडली, ती याच मुद्द्यावर. दोन प्राणी सारखे दिसतात का, हे गौण. निसर्गात त्यांच्या संबंधांतून वंश पुढे चालतो का, ते बघायचं. जिवाणूंना ही व्याख्या लागू पडत नाही. ते नर-मादीच्या भानगडीतच पडत नाहीत. दोन कंपन्यांनी मिळून काढलेल्या संयुक्त कंपन्यांना मात्र ती चपखल बसते.

(दृश्य: ऐंशीच्या दशकातला पुण्याचा रस्ता, स्कूटरींची गर्दी.)

1984. होंडानं भारतात दोन भागीदार निवडले. स्कूटरसाठी पुण्याचे कायनेटिकवाले फिरोदिया, मोटरसायकलसाठी हिरोचे मुंजाल. स्कूटर तिरकी करून मग किक मारायची सवय असलेल्या पुणेकरांसमोर कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू! साडी नेसून चालवता येते, याचंच केवढं अप्रूप.

1998 मध्ये होंडा बाहेर पडली. दहा वर्षांनी कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला.

हिरो होंडाची गोष्ट जास्त बोलकी आहे, कारण तिथं यश डोळे दिपवणारं होतं. जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी, गावोगावी स्प्लेंडर. पण इंजिनाचं तंत्र जपानचं. नवं मॉडेल हवं, की होंडाकडे बघायचं. विक्रीचे आकडे कितीही चाळले, तरी ही उणीव त्यांत दिसली नसती. आकडे ओझं किती वाहिलं तेवढंच सांगतात.

होंडाला ती अडचण नव्हती. 1999 मध्ये तिनं भारतात स्वतःची वेगळी कंपनी काढली आणि पुढे ॲक्टिव्हा आणली. डिसेंबर 2010 मध्ये हिरो आणि होंडानं वेगळं व्हायचं जाहीर केलं.

(दृश्य: जयपूरजवळचं हिरोचं संशोधन केंद्र.)

हे केंद्र 2016 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी स्प्लेंडर आयस्मार्ट 110 बाजारात आली. संपूर्णपणे हिरोच्या इंजिनिअरांनी घडवलेली ही पहिली मोटरसायकल, 1984 च्या त्या करारानंतर 32 वर्षांनी.