कांगा लीग: गोलंदाजाच्या बाजूने

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘कांगा लीगनं मुंबईचा फलंदाज कसा घडवला’. विषय संयोजकांचा. मी मात्र खालच्या डिव्हिजनचा मध्यमगती गोलंदाज. जेवायला बसायचं नवऱ्याच्या पंगतीत आणि बोलायचं नवरीकडून, अशी माझी गत होणार आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, फलंदाजांचं कौतुक शेवटी करीन. वेळ उरला तर.

इथल्या बहुतेकांना कांगा सांगायची गरज नाही. मागच्या रांगेत चार तरुण दिसतायत, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कांगा लीग म्हणजे मुंबईतल्या क्लबांची पावसाळी क्रिकेट स्पर्धा, सुरू झाली १९४८ साली. नाव डॉ. होरमसजी कांगांचं. पारशी डॉक्टर. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. त्याच दौऱ्यात आपल्या पळवणकर बाळूंनी शंभरावर बळी घेतले. बघा, गोलंदाज लगेच आला की नाही! बाकी जगात पाऊस आला की क्रिकेट थांबतं. मुंबईत पाऊस आला की कांगा सुरू होते.

आच्छादन वगैरे लाड नाहीत. शनिवारी रात्रभर कोसळला, तर रविवारी सकाळी माळी फावडं आणि भुसा घेऊन हजर. अंपायर येणार, टाचेनं खेळपट्टी दाबून बघणार, पाणी वर येतंय का ते पाहणार, घड्याळ बघणार आणि म्हणणार, अर्ध्या तासानं बघू. हा अर्धा तास कधी एक वाजेपर्यंत लांबायचा. तोवर तंबूत वडापाव, पत्ते आणि निवडसमितीवर टीका. मुंबईच्या क्रिकेटमधली निम्मी मतं या अर्ध्या तासात तयार झाली आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि गवत! पावसात ते कापणार कोण? ऑगस्टात घोट्याच्या वर, कडेला गुडघ्याएवढं. जमिनीलगत मारलेला देखणा कव्हर ड्राइव्ह पंधरा पावलांवर मान टाकायचा. त्यात आझाद मैदानावर खेळपट्ट्या इतक्या जवळजवळ, की आमचा मिडविकेट आणि शेजारच्या सामन्याचा पॉइंट पाठीला पाठ लावून उभे. एकमेकांची नोकरी, मुलांच्या शाळा, सगळं विचारून होई. कधीकधी चेंडूही दुसऱ्याचाच परत यायचा.

आता तो किस्सा. आमच्या क्लबात ज्यांनी तो दहादा ऐकलाय त्यांनी चहाला जाऊन यावं.

क्रॉस मैदान, सामना खालच्या डिव्हिजनचा, समोर आमच्यापेक्षा तगडा संघ. सकाळी सर येऊन गेलेली. मी टाकत होतो. चेंडू पाणी पिऊन जड झालेला, शिवण फुगलेली, एक घोट्याजवळ बसतोय, पुढचा हनुवटीकडे उसळतोय. त्यांच्या एका धिप्पाड फलंदाजानं वैतागून मला उचलला. चेंडू लाँगऑनच्या पलीकडे गवतात पडला. पडला म्हणजे पडलाच. आमचे तिघे रांगत शोधतायत, हे दोघे धावतायत.

तेव्हाच्या नियमात ‘लॉस्ट बॉल’ होता. २०१७ साली तो काढून टाकला. क्षेत्ररक्षकानं ‘लॉस्ट बॉल’ म्हटलं की फलंदाजी करणाऱ्या संघाला सहा धावा. धावून सहाच्या वर काढल्या असतील, तर तेवढ्या. आमचा कॅप्टन बँकेत खाती तपासणारा. दोन धावा झाल्या तेव्हा आम्ही ओरडलो, “म्हण की लॉस्ट बॉल!” तो म्हणाला, “चार धावा फुकट का देऊ? शोधा!” तीन झाल्या, चार झाल्या. पाचवी पळताना तो धिप्पाड गडी धापा टाकत मध्येच उभा राहिला, कंबरेवर हात ठेवून. तेवढ्यात आमच्या पोरानं चेंडू वर काढला. चिखलाचा गोळाच तो. फेकला, यष्टिरक्षकाच्या हातातून निसटला, आणि निसटता निसटता बेल्स घेऊन गेला. अंपायरनं बोट वर केलं. त्यांचा कॅप्टन भांडायला आला, की तुम्ही चेंडू मुद्दाम लपवला. अरे, लपवायला तो सापडायला नको का आधी?

बळी माझ्या नावावर नाही, रनआउटच. पण त्या डावात बाकीचे सहा माझे होते. आणि सोमवारी काय व्हावं? एका दैनिकात, नाव घेत नाही, आमचा निकाल दीड ओळीत. समोरच्या संघाच्या एकवीस धावा करणाऱ्याचं नाव आहे, माझं नाही. संध्याकाळी त्यांच्या कचेरीत फोन केला. तिकडून उत्तर आलं, “जागा कमी होती हो.” एकवीस धावांना जागा आहे, सहा बळींना नाही! आईनं ते कात्रण तरी जपून ठेवलं. विचारलं का, तर म्हणाली, “क्लबचं नाव आलंय ना.”

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग विषयाकडे.

सगळे सांगतात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळून आपण इंग्लंडसाठी तयार झालो. कांगाची कल्पना विजय मर्चंटांच्या नावाशी जोडतात, आणि ते १९३६ आणि १९४६ असे दोन इंग्लंड दौरे करून आलेले, तेव्हा हा हिशेब सरळ वाटतो. पण १९५२ घ्या. कांगाला चार वर्षं झालेली. इंग्लंडमधल्या हेडिंग्लीच्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे शून्यावर चार बाद. त्या चौघांत दोघे मुंबईचे, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. मंत्री दादर युनियनचे, मांजरेकर शिवाजी पार्क जिमखान्याचे. हे दोन क्लब आयुष्यभर एकमेकांशी भांडले, इंग्लंडच्या वेगवान ट्रूमननं दोघांना एकाच पाटावर बसवलं. त्याच कसोटीच्या पहिल्या डावात मांजरेकरांनी १३३ केल्या होत्या, हेही खरं. पण कांगा खेळला की इंग्लंड सोपं, असं कोष्टक नाही.

फळ दिसलं पुढे. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग पंधरा रणजी करंडक. १९७१ ला ओव्हलवर वाडेकरांच्या संघानं इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. वाडेकर, गावसकर, सोलकर, आणि मडगावहून येऊन मुंबईकर झालेले सरदेसाई. सोलकर तर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, खेळपट्टी ओली म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको.

माझा मुद्दा एवढाच, की हे सगळे दर पावसाळ्यात कुणासमोर उभे राहत होते? कसोटी गोलंदाजांसमोर नव्हे. कचेरीतला कारकून, गिरणीतला फिटर, कॉलेजचं पोर. यांच्या हातात जुना चेंडू आणि पायाखाली चिखल. पण त्या दिवशी तो कारकून कसोटीपटूला नाचवू शकायचा. उशिरा खेळणं, हात सैल सोडणं, अंगावर घेणं, तीस धावांसाठी दोन तास झिजणं, हे प्रशिक्षकानं सांगून येत नाही. समोरचा टाकत राहिला म्हणून येतं. १९८४ साली अकरा वर्षांचा तेंडुलकर जॉन ब्राइट क्लबकडून कांगात उतरला, तेव्हाही त्याला टाकणारे दाढीमिशांचे बापये होते. त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती आम्हाला झोंबते. कांगानं गोलंदाजाला फसवलंही. इथे बळी मिळाले म्हणून तो स्वतःला मोठा समजला, आणि कोरड्या खेळपट्टीवर त्याचा चेंडू सरळ बॅटवर गेला. पावसाळा संपला की आमची जादूही संपायची. ज्याची संपली नाही तो मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉकवर १६ धावांत ८ बळी आणि १८ धावांत ५. प्रथमश्रेणीत ५८९ बळी आणि एकही कसोटी नाही. यावर बोलायला वेगळं व्याख्यान हवं, संयोजकांनी नोंद घ्यावी.

दुसरी चिठ्ठी. हो, संपवतो.

ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन, वर्षानुवर्षांचे सामने, आणि या गोलंदाजांची नोंद फक्त क्लबांच्या स्कोअरबुकात आहे. एका क्लबानं, पुन्हा नाव घेत नाही, कपाट रिकामं करताना ती रद्दीत घातली. मी पोचलो तोवर टेम्पो निघून गेला होता. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, पलंगाखाली अशी वही असेल तर तिला वाळवी लागायच्या आत बाहेर काढा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. फक्त पानाचा खालचा भाग कापू नका, गोलंदाजीचा तक्ता तिथेच असतो. आणि शाई पुसट झाली असेल तर मला बोलवा, ओली पानं सुटी कशी करायची ते मला येतं. प्रश्न खाली चहाच्या वेळी घेतो, हॉल साडेआठला रिकामा करायचाय म्हणतायत.